आंबोलीच्या जंगलवॉकमध्ये दिसलेली ही पाच "शेवाळं" कोणती? (यातलं खरं मॉस किती?)

भटकभवानी:

नमस्कार मंडळी, गेल्या वीकेंडला आंबोलीला जाऊन आले. बेडूक-साप बघायला सगळे रात्री जातात तसं नाही, सकाळचा वॉक होता, आठ जणांचा ग्रुप, सोबत तिथलाच एक गाईड दादा. मी खरं सांगते, ऑर्किड बघायला गेले होते. पण दादाने पहिल्याच वळणावर रस्त्याकडेच्या जांभ्याच्या भिंतीपाशी सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाला, नाक भिंतीला लागेल इतकं जवळ जा. मग पुढचा पाऊण तास आम्ही जेमतेम पन्नास मीटर चाललो असू, कारण जे आजवर नुसतं "हिरवं निसरडं" होतं त्यात एकदम पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी दिसायला लागल्या. (आणि तेवढ्या वेळात दोन जळवा माझ्या मोज्यात शिरल्या, तो भाग सोडून देऊ.)

प्रॉब्लेम असा की धो धो पाऊस, वही काढता येईना, दादा नावं सांगत होता ती अर्धी डोक्यावरून गेली आणि ग्रुपमधले एक काका प्रत्येक वेळी आपलं वेगळंच नाव सांगत होते. फोटो इथे अपलोड होत नाहीयेत, साईझ मोठी म्हणतंय, म्हणून शब्दांत लिहिते, हसू नका.

पहिलं, जांभ्याच्या उभ्या कापावर, बोटाच्या दोन पेरांएवढी ताठ रोपटी, वरून बघितलं की पाइनच्या झाडांचं खेळण्यातलं जंगल. काहींच्या डोक्यावर काडी आणि काडीच्या टोकाला केसाळ तपकिरी टोपी.

दुसरं, ओढ्याकाठच्या ओल्या दगडावर चपटं, हिरव्या रिबिनीसारखं, दर थोड्या अंतरावर दोन फाटे फुटलेलं. पान-बिन नाहीच. त्यावर बारीक बारीक वाट्या आणि वाट्यांत हिरवे कण.

तिसरं, अंजनीच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या सोनेरी-हिरव्या जटा, वीतभर तरी लांब.

चौथं, एका झाडाच्या अख्ख्या बुंध्यावर केशरी मखमल. काका म्हणाले "लाल मॉस". दादा काही बोलला नाही, नुसता हसला.

पाचवं, होमस्टेच्या मागच्या भिंतीवर, अगदी चिमुकलं, नखाएवढं, पिसासारखं चपटं.

सांगा कोणी. आणि अजून एक, मॉस नेहमी झाडाच्या उत्तरेला उगवतं त्यामुळे जंगलात दिशा कळते हे खरं का? काका छातीठोकपणे सांगत होते.


हर्बेरियमवाला:

वर्णन झकास केलंय, हसण्यासारखं काही नाही. फोटोपेक्षा बरं, कारण लोक फोटो टाकतात त्यात नुसता हिरवा डाग असतो आणि खाली लिहितात "आयडी प्लीज".

आधी शब्दाचा घोळ. मराठीत आपण सगळ्यालाच शेवाळ म्हणतो. विहिरीतलं तंतू-तंतू हिरवं ते शेवाळ, अंगणातला बुळबुळीत थर तेही शेवाळ, भिंतीवरची गादी तेही शेवाळ. पण पाण्यातलं ते शैवाल, म्हणजे अल्गी. भिंतीवरची गादी म्हणजे मॉस, जुन्या मराठी पुस्तकांत त्याला हरिता म्हणायचे, किती छान शब्द होता पण कोणी वापरत नाही, मीही नाही. शाळेत ब्रायोफायटा शिकलोय आपण, "वनस्पतीसृष्टीतले उभयचर", आठवतंय? त्या कुटुंबात तीन घरं. मॉस, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट. जगात मॉसच्या साधारण १२ हजार जाती, लिव्हरवर्ट त्याहून कमी आणि हॉर्नवर्ट जेमतेम दोनेकशे.

आता तुमचं पहिलं. केसाळ टोपी लिहिलीत तिथेच काम झालं, पोगोनॅटम. घाटातल्या रस्त्यांच्या कापावर भरपूर असतं. त्याची पानं ताठ आणि गडद का दिसतात माहितीये, बाकी बहुतेक मॉसचं पान एकाच पेशीच्या जाडीचं असतं, कागदही जाड म्हणावा असं, पण याच्या पानावर वरच्या बाजूने उभ्या पट्ट्यांच्या रांगा असतात, वहीची पानं उभी धरल्यासारख्या. याच्याच घराण्यातला डॉसोनिया ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे अर्ध्या मीटरपर्यंत वाढतो, म्हणजे गुडघ्याएवढं मॉस. आपल्याकडे पोगोनॅटमवर समाधान मानायचं.

दुसरं मॉस नाहीच. मार्केंशिया, लिव्हरवर्ट. त्या वाट्या म्हणजे निसर्गाची कमाल आहे, पावसाचा थेंब वाटीत पडला की आतले हिरवे कण उडून बाहेर जातात आणि जिथे पडतील तिथे नवीन रोप. बी नाही, फूल नाही, नुसती थेंबाची टपली. तिथेच छत्र्या दिसल्या का? मादी झाडाची छत्री बोटं पसरल्यासारखी आणि नराची ताटलीसारखी. पुढच्या वेळी बघा.

चौथं शैवाल. ट्रेंटेपोलिया. गंमत म्हणजे शास्त्रात ते हिरव्या शैवालांच्या गटात मोडतं, केशरी रंग आतल्या कॅरोटिनचा, गाजरातला असतो तसला. बोट घासलंत तर केशरी पूड लागते. तुमचा गाईड दादा हसला म्हणजे त्याला माहीत होतं आणि काकांचा मान ठेवला बिचाऱ्याने.

पाचवं फिसिडेन्स नावाचं मॉस असावं, पानं दोनच रांगांत, कंगव्यासारखी. भिंगातून बघितलं तर प्रत्येक पानाच्या बुडाशी खिसा दिसतो आणि त्या खिशात खोड बसलेलं असतं. हा खिसा दिसला की दुसरं काही असण्याची शक्यता फारच कमी.

तिसऱ्याचं मी एवढ्यावरून सांगणार नाही. जटा म्हणजे मॉसही असू शकतं आणि लायकेनही.


मसालेदार_मावशी:

लायकेन म्हणजे दगडफूल ना? ते पण मॉसच समजत होते मी. दर वर्षी गोड्या मसाल्यात घालते आणि लेकीला सांगते की हे डोंगरातलं शेवाळ आहे 😅


हर्बेरियमवाला:

मावशी, दगडफूल लायकेनच, पण शेवाळ नाही. लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. घर बुरशीचं, स्वयंपाक शैवालाचा. त्यात खोड नाही, पान नाही. मॉस मात्र अस्सल वनस्पती, खोड-पान सगळं आहे, फक्त खरी मुळं नाहीत आणि मोठ्या झाडांसारख्या पाणी वर चढवणाऱ्या नळ्या नाहीत. मसाला करत राहा.

तिसऱ्यासाठी भवानीताई, एक सोपी टेस्ट. रंग राखाडी-फिकट हिरवा होता की सोनेरी? आणि भिंगातून बारीक पानं दिसली का? लोंबणारं लायकेन असतं त्याला उस्निया म्हणतात, त्याची काडी हळूच ताणली की बाहेरचं साल तुटतं आणि आत पांढरा लवचिक दोरा दिसतो. मॉसमध्ये असा दोरा नसतो, पानंच पानं असतात.


भटकभवानी:

सर __/\__ एवढं सविस्तर! सोनेरी होतं नक्की आणि फोटो झूम केला तर काडीला सगळीकडून खवल्यांसारखं काहीतरी चिकटलेलं दिसतंय. म्हणजे मॉस?

आणि उत्तरेचं?


हर्बेरियमवाला:

मग मॉसच. मिटिओरिएसी नावाचं घराणं आहे, जटा सोडणारं, सदाहरित जंगलात जिथे ढग फांद्यांत अडकून बसतात तिथे यांची चैन. त्यातलं कुठलं ते मात्र मायक्रोस्कोपशिवाय मी काय, कोणीच सांगू नये.


शून्य_सावली:

उत्तरेचं मी सांगतो, हा माझा विषय आहे. ही म्हण युरोप-अमेरिकेकडून आलीये. तिकडे सूर्य कायम दक्षिणेला त्यामुळे झाडाची उत्तर बाजू सावलीत, म्हणून ओल टिकते, म्हणून मॉस. आंबोली कुठे आहे, जवळजवळ १६ अंश उत्तरेला. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो ना मे मध्ये, त्याचा अर्थच हा की सूर्य डोक्यावरून पलीकडे उत्तरेला सरकतो. आंबोलीत मे च्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो! म्हणजे ऐन पावसाळ्यात काकांचा नियम उलटा पडतो, तसाही तेव्हा सूर्य दिसतोय कोणाला म्हणा. वर पाऊस-वारा येणार नैऋत्येकडून. त्यामुळे काकांच्या भरवशावर जंगलात शिरू नका, चौकुळला जायचं म्हणून निघाल आणि दरीत पोचाल.


काजूबोंडू:

मी सावंतवाडीचा, वरचं वाचून मजा आली. आमच्याकडे घराभोवती जांभ्याचा गडगा असतो त्यावर जूनमध्ये पहिले दोन-चार मोठे पाऊस झाले की आठवड्याभरात हिरवी गादी येते. लहानपणी वाटायचं मेलेलं परत जिवंत झालं. आजी मात्र एकच ओरडायची, "बेगीन चलू नको, पाय निसरतलो." आता चतुर्थी आली की सगळ्यात पहिलं काम काय, तर अंगणावर ब्लीचिंग पावडर आणि खराटा. त्यामुळे आमचं आणि शेवाळाचं नातं असं आहे की गडग्यावर असेल तर सुंदर, पायरीवर असेल तर दुश्मन.

प्रश्न असा, उन्हाळ्यात ते काळं ठिक्कर पडतं, हाताने चुरा होतो, ते खरंच मेलेलं असतं की झोपलेलं?


हर्बेरियमवाला:

झोपलेलं. मॉसला झाडांसारखं अंगातलं पाणी राखून ठेवता येत नाही, हवा कोरडी तर तेही कोरडं. पण बहुतेकांना सुकणं सोसतं. आपण सुकलो तर संपलो, ते सुकलं तर थांबतं. पाणी मिळालं की काही मिनिटांत पानं उघडतात आणि काम सुरू. तुमचं "मेलेलं जिवंत झालं" हे निरीक्षण बरोबर, फक्त पहिला अर्धा भाग चूक.

घरी प्रयोग करायचा असेल तर शहरात सिमेंटच्या भिंतीवर, विटांवर एक मॉस हमखास असतं, हायोफिला. सुकल्यावर त्याची पानं आतल्या बाजूला नळीसारखी वळतात. स्प्रेने पाणी मारा आणि भिंग लावून बघा, डोळ्यांदेखत उघडतात.


लोलक_१०एक्स:

सगळे "भिंगातून बघा" म्हणताय पण नवीन माणूस जे मोठं गोल भिंग आणतो ना, शेरलॉक होम्सचं, त्याने काही दिसत नाही. १०एक्सची घडीची लूप घ्या, सराफ वापरतात ती, लॅबचं सामान मिळतं त्या दुकानात स्वस्तात मिळते. आणि धरायची पद्धत, ९० टक्के लोक चुकतात, लूप मॉसजवळ नाही, डोळ्याला चिकटवून धरायची आणि मग मॉस (किंवा स्वतःचं डोकं) जवळ आणायचं. गळ्यात दोरीने अडकवा नाहीतर पहिल्याच ओढ्यात जाईल, माझी गेली.

फोटो काढताना, एक लांबून, कशावर उगवलंय ते दिसेल असा, साल की दगड की माती, कारण ओळखण्यातला अर्धा पुरावा तोच. एक जवळून, शेजारी नाणं ठेवून. एक त्या काडीचा आणि टोकाच्या बोंडाचा (बोंड म्हणजे मॉसच्या बीजाणूंची डबी). आणि काडी कुठून निघालीये ते नीट बघा, शेंड्यातून की खोडाच्या बाजूने. शेंड्यातून निघत असेल तर बहुतेक ते उभं, गादीसारखं वाढणारं मॉस. बाजूने निघत असेल तर पसरणारं, चटईसारखं. एवढं एक कळलं तरी अर्धी यादी बाद होते. मी वर्षभर पानांच्या आकारात डोकं घालत बसलो होतो तेव्हा हे कोणी सांगितलं नाही.

बोंड नसेल तर पावसाळा सरताना परत जा, तेव्हा जास्त सापडतात.


कुंडीतलं_वडाचं_झाड:

मी बोनसाय करतो. तुम्ही सगळे नुसतं बघताय, मी म्हणतो ५-६ इंचाचा तुकडा उचलून आणला तर बिघडतं काय? इतकं पसरलेलं असतं की कोणाला कळणार पण नाही. नर्सरीवाले तर पोत्याने आणतात.


काजूबोंडू:

दादा, "कोणाला कळणार नाही" म्हणत प्रत्येक गाडीतला माणूस सहा इंच नेऊ लागला तर आंबोलीला शनिवारी गाड्या किती येतात ते एकदा येऊन मोजा. आणि राखीव जंगलातून परवानगीशिवाय काही उचलणं गुन्हा आहे, १९२७ च्या वन कायद्यानुसार. मॉस पण त्यातच आलं.


हर्बेरियमवाला:

कायदा बाजूला ठेवा, तुमच्या फायद्याचं सांगतो. जंगलातल्या जटा किंवा पोगोनॅटम पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत दोन महिने टिकले तर मला कळवा. त्यांना ढग लागतो, तो नर्सरीत मिळत नाही. बोनसायच्या कुंडीला तुमच्याच बिल्डिंगच्या गच्चीवरचं मॉस घ्या, तुमच्या उन्हाची, धुळीची, ब्लीचिंगची त्याला सवय आहे. चंदेरी झाक असलेलं दिसलं तर ब्रायम अर्जेंटियम, जगातल्या जवळजवळ प्रत्येक शहरात फुटपाथच्या फटीत असतं. तेच खरवडा, कोणी नाही म्हणणार नाही, उलट सोसायटी आभार मानेल.

अभ्यासासाठी घरचं थोडं ठेवायचं असेल तर कागदाच्या पुडीत. प्लॅस्टिकमध्ये नाही, बुरशी येते. दाबायचं पण नाही. पुडीवर जागा, तारीख, कशावर होतं ते लिहा. बस. पन्नास वर्षांनीही पाण्यात टाकलं की पानं परत उलगडतात आणि मायक्रोस्कोपखाली बघता येतं. (तेव्हा ते जिवंत नसतं हं, फक्त आकार परत येतो.)


कुंडीतलं_वडाचं_झाड:

ओके ओके, अंगावर येऊ नका 😀 गच्चीवर बघतो. लहानपणी साताऱ्याला दिवाळीच्या किल्ल्याला हेच लावायचो, शेजारच्या वाड्याची भिंत अख्खी सोलून काढायचो आम्ही. हळीव पेरलेले उगवेपर्यंत दम कोणाला होता.


भटकभवानी:

अपडेट! लूप आणली. जंगल लांब आहे म्हणून गच्चीवरूनच सुरुवात केली, पाण्याच्या टाकीखाली ओल असते तिथे. आईला वाटलं माझं काहीतरी हरवलंय, ती पण खाली वाकून शोधायला लागली. सुकलेला काळपट तुकडा होता, पानं खरंच आत वळलेली, बारीक वातींसारखी. स्प्रे मारला. सर, मी ओरडलेच, चक्क उघडतंय! आईला लूप दिली, तिला आधी काही दिसेना, मग डोळ्याला चिकटवून धरायला सांगितलं तर पाच मिनिटं लूप परत देईना. आता गणपतीआधी गच्ची धुवायची आहे तर टाकीखालचा हातभर तुकडा सोडायचा असं ठरलंय, बाबांना अजून सांगितलेलं नाही.

आणि काड्या पण आहेत, टोकाला उभी लांबट बोंडं! मी कुठेतरी वाचलं होतं की बोंडाच्या तोंडाशी दातांची रांग असते आणि त्यावर श्वास सोडला की दमट हवेने ते दात हलतात, म्हणून मी काल अर्धा तास त्यावर हाः हाः करत बसले होते. काहीही हललं नाही. माझं काय चुकतंय? झाकण गळलेलं बोंडच घेतलं होतं.


हर्बेरियमवाला:

काही चुकत नाहीये, हसून हसून पुरेवाट झाली. तुम्ही लिहिताय ते सगळं हायोफिलाशी जुळतंय आणि हायोफिलाला दातच नसतात. बोळकं आहे ते. आजन्म हाः हाः केलंत तरी काही हलणार नाही.

दात बघायचे तर फ्युनारिया शोधा. कॉलेजच्या पुस्तकात ज्याची आकृती काढून काढून हात दुखायचा तेच. बोंड नासपतीसारखं आणि मान वाकलेली, काडी लांब, पिळदार. त्याच्या सुकलेल्या काडीला नुसतं ओलं बोट लावलं तरी ती गरगर फिरते. त्याला जळलेली जमीन फार आवडते, शेकोटीची, वणव्याची जागा. तुमच्या सोसायटीत होळी मातीवर पेटवत असतील तर ती जागा आत्ता बघून या. पुण्यात सापडेलच असं म्हणत नाही, घाटात जास्त शक्यता, पण बघायला काय जातंय.


भटकभवानी:

होळीच्या जागेवर यंदा पेव्हर ब्लॉक बसवलेत 😑 मागच्या सोसायटीत मैदान आहे, तिथल्या वॉचमन काकांना विचारून उद्या सकाळी जाते. लूप गळ्यात बांधलीये.


काजूबोंडू:

वॉचमन काकांना पण एकदा लूप द्या बघायला.